एका खोलीला तीन गाड्या

बसा. ती खुर्ची नको, तिचा मागचा पाय दगा देतो. इकडं पलंगावर टेका. घाई असेल तर आत्ताच उठा बघू, कारण आज सांगणार आहे ती अण्णांच्या त्या रविवारची गोष्ट, आणि ती अर्धी ऐकून गेलेला माणूस जेवायला बसला तरी त्याचे कान इथंच राहतात. एक खोली, एक म्हातारा, आणि त्याला न्यायला आलेल्या तीन गाड्या. भांडण आहे, रुसवे आहेत, फाटकात अडकलेला ट्रक आहे. पण कुणी मरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. मागं अण्णांची बायको गेली तो भाग ऐकून तुम्ही तोंड पाडून गेलात ते आठवडाभर फिरकला नाहीत.

तर रविवारी सकाळी अण्णा खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होते. वृद्धनिवासातली त्यांची खोली मागच्या अंगाला. खिडकीतून दिसायचं काय, तर कपडे धुण्याच्या खोलीचं अंगण, तारांवर वाळणाऱ्या चादरी, आणि त्या चादरींच्या आडून सिगारेट ओढणारा स्वयंपाकी. खोली देताना मॅनेजरबाई ओशाळल्या होत्या, म्हणाल्या, बागेकडची एकही शिल्लक नाही हो. पण अण्णांना हीच पसंत पडली. जन्मभर लोकांचे पलंग नि गाद्या वाहिलेल्या माणसाला फुलापेक्षा चादरच जवळची वाटणार. वाऱ्यानं एखादी चादर फुगली की ते आपल्याशीच म्हणायचे, "निघाली बघा गाडी."

एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, आणि फाटकाकडून हॉर्न वाजला. घसा बसलेल्या म्हशीसारखा. तो हॉर्न अण्णांनी स्वतः बसवलेला. थोरल्या मुलाचा ट्रक. "आला का हा," असं म्हणत त्यांनी वस्तरा पाण्यात बुचकळला. तेवढ्यात दुसरा हॉर्न. हा बारीक, रडवा. मुलीच्या, म्हणजे ताईच्या, नवऱ्याची व्हॅन. अण्णांचा हात थांबला. आणि मग घंटी. टिंग टिंग टिंग, पाववाल्याच्या गाडीला असते तशी. धाकटा म्हणाला होता, मित्राची बेकरीची गाडी मागून आणतो. ते अण्णांना आत्ता आठवलं.

"मेलो," अण्णा आरशाला म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. मागल्या आठवड्यात थोरला भेटायला आला. जाता जाता म्हणाला, "अण्णा, पुरे झालं हे. रविवारी ट्रक घेऊन येतो, घरी चला. चालेल ना?" अण्णा म्हणाले, "हो." मग ताईचा फोन. "अण्णा, तुमच्यासाठी खोली रंगवून घेतलीय. रविवारी येते न्यायला. याल ना?" अण्णा म्हणाले, "हो, हो." मग धाकटा. त्याच्या घरी सहा महिन्यांचं बाळ, बायको कामावर जायला लागलेली. तो म्हणाला, "अण्णा, आमच्याकडं या. नाही म्हणू नका हं." अण्णा म्हणाले, "मी कधी म्हटलंय?" आणि तिघांनीही एकच गोष्ट बजावली, की बाकीच्या दोघांना आत्ताच सांगू नका, उगाच वाद नको. अण्णा त्यालाही हो म्हणाले.

हा माणूस खोटारडा नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या घरात कामाची वाटणीच तशी होती. 'हो' म्हणायचं खातं अण्णांकडं, 'नाही' म्हणायचं बायकोकडं. पोरं अण्णांना विचारायची, सायकल घेऊ? हो. सिनेमाला जाऊ? हो. आणि मग सगळी मान खाली घालून स्वयंपाकघराच्या दाराशी जायची, कारण खरा निकाल तिथं लागायचा. चाळीस-एक वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. मग ती गेली आणि जाताना आपलं खातं कुणाच्या नावावर करून गेली नाही.

दार ढकलून समोरच्या खोलीतल्या मास्तरीणबाई आत आल्या. भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि पत्त्यांत डोळ्यांदेखत लबाडी करणाऱ्या.

"अण्णा, फाटकात ट्रक अडकलाय. मागं एक व्हॅन, तिच्या मागं पाववाला. आपली सगळी मंडळी पाववाल्याकडं धावली, तर तो म्हणतो पाव नाहीयेत, बाप न्यायला आलोय. काय प्रकार आहे हा?"

"माझी पोरं आहेत."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि तुम्ही हो कुणाला म्हणालात?"

अण्णांनी दुसरा गाल भादरायला घेतला.

"अण्णा!"

"बाई, वस्तरा आहे हातात. कापेल."

"तिघांनाही?" मास्तरीणबाई मटकन खुर्चीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता एकदम थांबल्या. "आणि उद्याचं काय? ते वाद्यवाले गृहस्थ यायचेत ना?"

हे मात्र अण्णांना लागलं. निवासात नवं माणूस आलं की त्याचं सामान लावायचं काम अण्णांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. मोठ्या घरातून एका खोलीत आलेली माणसं बावरलेली असतात. कपाट भिंतीपेक्षा मोठं, पलंग दाराच्या आड. अण्णा आधी त्यांच्याशेजारी बसायचे आणि विचारायचे, "झोपेतनं उठल्यावर हात कुठं जातो तुमचा? दिव्याचं बटण कुठल्या बाजूला होतं? चष्मा कुठं ठेवायचात?" आणि मग पलंग असा लावायचे की अर्ध्या झोपेतला हात जिथं जाईल तिथंच सगळं सापडावं. मास्तरीणबाईंची खोली त्यांनीच लावली होती. पहिल्याच सकाळी बाई उठल्या, न बघता हात लांब केला, नि चष्मा हाताला लागला. त्या दिवसापासून त्या अण्णांना पत्त्यांत लुबाडत होत्या. त्यांची माया अशीच. उद्या येणारे गृहस्थ वाद्यं दुरुस्त करायचे, आणि आता डोळ्यांनी जवळजवळ गेलेले. त्यांची खोली कशी लावायची याचा विचार अण्णा आठवडाभर करत होते. मजा येत होती त्यांना.

"मी बोलू का तुमच्या पोरांशी?" बाईंनी विचारलं.

"नको, नको. घरचं आहे ते," अण्णा म्हणाले, आणि घाईघाईनं तोंड धुतलं.

व्हरांड्यात तोवर सगळं निवास खुर्च्या मांडून बसलं होतं. रविवारी एरवी बघायला काय असतं? ट्रक फाटकातून मागंही जाईना नि पुढंही येईना. थोरला, त्याची बायको, ताई आणि धाकटा अशी चौघं तो तसाच सोडून पायी आत येत होती, आणि येता येताच जुंपली होती.

"दादा, तू ट्रक कशाला आणलास? अण्णांचं सामान ते केवढं! एक ट्रंक नि एक गादी," ताई म्हणत होती.

"आमचा धंदाच तो आहे. माझ्या बापाचं सामान काय मी रिक्षात नेऊ? आणि तू व्हॅन का आणलीस? कुणी बोलावलं होतं तुला?"

"अण्णांनी! मला हो म्हणालेत ते."

"मला हो म्हणालेत!"

"एक मिनिट," धाकटा मधे घुसला. त्याच्या शर्टाच्या बाहीला पीठ लागलं होतं, गाडीचं. "मला तर म्हणाले, मी नाही कधी म्हटलंय?"

तिघं जागीच थांबली. एकमेकांकडं बघितलं. आणि थोरल्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुम्ही सगळे त्यांचीच पोरं ना? अण्णांचा हो म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"तू मधे बोलूच नकोस, वहिनी," ताई फणकारली. "तुझ्या घरात नीट राहत होते ते. इथं का आले, ते तुलाच माहीत."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. हा टोमणा तिला नवा नव्हता. सासू गेल्यावर अण्णा तिच्याकडंच होते, आणि ते निवासात गेले तेव्हापासून नातेवाइकांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, सुनेनं घालवला म्हाताऱ्याला. खरी हकिकत इतकी साधी होती की कुणाचा विश्वासच बसत नसे. अण्णांचा एक जुना दोस्त होता, कुलपं दुरुस्त करणारा. त्याच्या मुलांनी त्याला निवासात ठेवायचं ठरवलं. तो अण्णांना म्हणाला, सोबतीला चार दिवस चल ना. अण्णा हो म्हणाले. दोस्ताला काही करमेना, तो रडून भेकून घरी परत गेला. मॅनेजरबाईंनी अण्णांना विचारलं, "तुम्ही तर राहताय ना?" आणि अण्णांच्या तोंडून काय निघालं असेल ते तुम्हीच सांगा. वर्ष होऊन गेलं त्याला.

थोरल्यानं बायकोची बाजू घ्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खोलीचं दार आलं.

अण्णा पलंगावर बसले होते. नवा सदरा, चकचकीत गाल, हनुवटीवर वस्तऱ्याचा एक लाल ओरखडा. "या, या. सगळेच आलात! बरं झालं. चहा टाकतो."

"अण्णा, चहा राहू द्या. कुणाबरोबर येताय?" थोरल्यानं विचारलं.

"बसा तर आधी."

कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर त्यांनी आधण ठेवलं. पोरं बसली. ताई पलंगावर, धाकटा जमिनीवर, थोरला ट्रंकेवर बसायला गेला आणि चटकन उठला. कारण सामान हलवायच्या दिवशी सामानाला हात लावायचा नाही, बूड तर नाहीच नाही. ही त्यांच्या घरातली रीत. मालकानं पहिली वस्तू स्वतःच्या हातानं उचलून दिल्याशिवाय हमालानं कशालाही शिवायचं नाही. अण्णांच्या बापानं घालून दिलेली. तो हातगाडी ओढायचा. त्यानं एकदा एका म्हातारीचं घर भरलं. सांगावा तिच्या पुतण्याचा होता. म्हातारी दारात उभी, हूं की चूं नाही. गाडी गल्लीच्या टोकाला गेल्यावर बापानं मागं वळून बघितलं, तर बाई रिकाम्या घराच्या पायरीवर बसलेली, मांडीवर हात ठेवून. बापानं गाडी फिरवली. सगळं होतं तिथं परत लावून दिलं, पुतण्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि घरी येऊन पोराला, म्हणजे आपल्या अण्णांना, सांगितलं: मालकाच्या हातून पहिली वस्तू आली तरच ते घर हलायला तयार आहे असं समज.

तर आता तीन गाड्या बाहेर, तिन्ही पोरं आत, आणि सगळ्यांचे डोळे अण्णांच्या हातांवर.

अण्णांनी कपाटावरचं घड्याळ उचललं. थोरला पुढं झाला, ताईनं पदर खोचला. अण्णांनी घड्याळाला किल्ली दिली आणि जागेवर ठेवलं.

मग उशी उचलली. धाकट्यानं हात पसरले. अण्णांनी उशी झटकली, पालथी केली, आणि ताईच्या पाठीशी लावली. "टेक नीट. पाठ दुखते ना तुझी?"

"अण्णा," थोरला दातओठ खात म्हणाला, "काहीतरी द्या ना उचलून."

"देतो की." आणि त्यांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

दारात उभ्या मास्तरीणबाई खुदकन हसल्या. त्यांच्या मागं व्हरांड्यातली चार-पाच डोकी आली होती. एक आजी मागून विचारत होती, "कुणाकडं चाललेत? ठरलं का?" आणि दुसरी सांगत होती, "अजून चहाच चाललाय."

चहा झाला. तरी पहिली वस्तू येईना. मग भांडणानं नवीच वळणं घ्यायला सुरुवात केली. आधी ताई आणि धाकटा एकीकडं, की दादाकडं परत जायचा प्रश्नच नाही. मग धाकटा म्हणाला, ताई, तुझ्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढणार कोण? लगेच थोरला त्याच्या बाजूला. मग ताई म्हणाली, आणि तुझ्याकडं काय, बाळाचे लंगोट बदलायला नेतोयस म्हाताऱ्या माणसाला? की थोरला उडी मारून ताईच्या बाजूला.

"तू कुठल्या पक्षात आहेस ते ठरव आधी," धाकटा म्हणाला.

"मी अण्णांच्या पक्षात आहे! बाजारात लोक काय म्हणतात माहितीये? सगळ्या गावाची घरं हलवतो, आणि बाप परक्याच्या घरात. मला मान वर करता येत नाही."

"म्हणजे तुझ्या मानेसाठी नेतोयस त्यांना?" ताई म्हणाली.

"आणि तू खोलीला रंग दिलास तो कुणासाठी? आम्हाला दाखवायला!"

"अरे पण अण्णांनी एका दिवशी तिघांना कबूल केलंच कसं?" धाकटा वैतागून म्हणाला.

आणि का कोण जाणे, हे ऐकून थोरल्याला हसू फुटलं. "नवीन आहे का ते? त्या दोन घरांच्या वेळी काय केलं होतं यांनी?"

झालं. ती गोष्ट निघाली की त्या घरात भांडण टिकत नाही. मास्तरीणबाईंना ठाऊक नव्हती, म्हणून पोरांनी एकमेकांच्या तोंडून ओढून घेत सांगितली. अण्णा तेव्हा पंचविशीतले, ट्रक नवा. दोन घरांनी एकाच सकाळी बोलावलं आणि हे दोघांनाही हो म्हणून बसले.

"मग यांनी डोकं लढवलं," थोरला म्हणाला. "दोन्ही घरं एकाच ट्रकात. मधे दोरी. इकडचं तुमचं, तिकडचं त्यांचं."

"आणि दोरी सुटली!" ताई ओरडली.

"एका घरी तीन आरसे गेले नि झोपायला पलंग नाही..."

"...आणि आई! त्यातल्याच एका घरातली ती. आली ना संध्याकाळी यांच्या दारात! हातात पेला, त्यात कुणाच्या तरी आजोबांची कवळी!"

"म्हणाली, ही कवळी आमची नाही. ते घड्याळ आमचं नाही. हा मुलगा आमच्या घरातला नाही..."

"मुलगा नव्हता तो," अण्णा हळूच म्हणाले. "पोपट होता. पण बोलायला शिकवलेला होता."

सगळी खोली हसत सुटली. दारातली मंडळीसुद्धा. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. अण्णाही हसत होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढं ती उभी होती. केस विस्कटलेली, पेला पुढं धरलेली, आणि एकामागून एक नाही, नाही, नाही म्हणणारी. इतकं सरळ 'नाही' त्यांनी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तेव्हाच त्यांना वाटलं होतं, हिच्यावाचून आपला संसार व्हायचा नाही. गाव आपल्याला लुटून नेईल. आज ती असती तर दारात उभी राहून तिनं एका वाक्यात तिन्ही गाड्या परत पाठवल्या असत्या. आणि अण्णा तिच्या मागं उभं राहून पोरांना खुणेनं म्हणाले असते, बघा बुवा, मी तर हो म्हणत होतो.

हसू ओसरलं. ताई डोळे पुसत म्हणाली, "चला अण्णा. तुम्ही इथं आलातच चुकून. कुणाच्या तरी सोबतीला. तुम्हाला काय कळतं तुमचं? आम्हीच ठरवतो."

"बरोबर आहे," थोरला म्हणाला.

"आम्ही तिघं बाहेर जाऊन ठरवून येतो," धाकटा म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं होतं.

तेव्हा वहिनी बोलली. सकाळपासून ती दाराजवळ अंग चोरून उभी होती. "वन्सं, भाऊजी, आणि तुम्हीही. मला काय बोलायचं ते बोला. मी घालवलं म्हणा, खाऊ घातलं नाही म्हणा. पण त्यांना एकदा विचारा तरी. याल ना, चालेल ना, असं नाही. नुसतं विचारा." ती अण्णांच्या समोर जमिनीवर येऊन बसली. "अण्णा, तुम्हाला यायचंय का इथून?"

बाहेर अंगणात कुणीतरी चादर झटकली.

अण्णांच्या जिभेवर हो तयार होता. तो नेहमीच तयार असायचा, तोंड उघडलं की आपोआप बाहेर. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना दिसत होतं, हो म्हटलं की संपलं. कुणीतरी ट्रंक उचलेल, कुणीतरी गादी गुंडाळेल, चांगल्या घरी जाऊ, पोरं मायेनं करतील, आणि उद्या तो आंधळा माणूस नव्या खोलीत पहाटे उठून हवेत हात फिरवत बसेल. आणि आपणही. आणि नाही म्हटलं तर? तर ही समोर बसलेली पोर जन्मभर टोमणे खाईल. म्हणूनच तर वर्षभर ते गप्प बसले होते.

"हिचं काही नाही," अण्णा म्हणाले. "आधी ते ऐका. हिच्या घरात मला राजासारखं ठेवलं होतं. ताटात गरम, अंथरुणात गरम. जो हिला बोलेल त्यानं पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

ताईनं मान खाली घातली.

"आणि चुकून आलो, ते खरं. मी सगळीकडं चुकूनच गेलो. बापानं हातगाडीला हात लाव म्हटलं, लावला. कुणी ट्रक घे म्हटलं, घेतला. तुमच्या आईनं सुद्धा मलाच विचारलं होतं, करणार का लग्न? मी हो म्हणालो. सगळं चांगलंच झालं, तक्रार नाही. पण एवढ्या आयुष्यात कुणी ही खोली घे म्हणालं नाही मला. मॅनेजरबाईंनी विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो ते सवयीनं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खिडकीतून त्या चादरी बघितल्या, तेव्हा मनात आलं, इथंच राहावं." ते थांबले. मग जणू एखादी जड वस्तू कुठून धरावी ते चाचपून बघतात तसं म्हणाले, "मला इथं आवडतं."

हा शब्द पोरांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ताटात काय हवं विचारलं तर 'काहीही' म्हणणारा माणूस तो.

"म्हणजे," थोरला अडखळला, "म्हणजे तुम्ही येणार नाही?"

अण्णा उभे राहिले. थोडे ताठ. उजवा हात कंबरेवर गेला. आणि ते म्हणाले, "नाही."

बस. पुढं ना 'रे', ना 'बाळा', ना 'बघू'. तुकडा पाडलेला.

धाकट्यानं ताईकडं बघितलं, ताईनं थोरल्याकडं. तिघांच्याही चेहऱ्यावर तेच.

"आई," धाकटा पुटपुटला.

"तो हातसुद्धा," ताई म्हणाली, आणि ती रडायला लागली की हसायला लागली हे तिचं तिलाही कळेना. "कंबरेवरचा हात बघ ना दादा! सायकल मागायला गेलो होतो तेव्हा अस्साच!"

थोरला, तो एवढा धिप्पाड गडी, भान विसरून ट्रंकेवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला, खांदे गदागदा हलवत. "गेलो आपण! आता कुणाकडं दाद मागायची? आधी निदान अण्णांकडं तरी जाता यायचं!"

अण्णा बिचारे हात कंबरेवर ठेवून तसेच उभे. आपल्या तोंडून काय निघालं हे त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. अंग मात्र हलकं झालं होतं, चौथ्या मजल्यावर कपाट चढवून रिकाम्या हातानं खाली उतरताना होतं तसं. वहिनीनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "अण्णा, आणखी एकदा म्हणा ना."

"नाही," अण्णा म्हणाले, आणि लाजले.

दारातल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. मागची आजी विचारत होती, "काय झालं, काय झालं? कुणाकडं चालले?" आणि मास्तरीणबाईंनी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कुणाकडंच नाही! उद्या पत्ते आहेत!"

पोरं दुपारपर्यंत राहिली. ताई वहिनीला घेऊन चादरींच्या अंगणात गेली. तिथं काय बोलणं झालं ते त्या दोघींना ठाऊक, पण परत आल्या त्या एका शालीत. धाकट्यानं विचारलं, बाळाला रोज सकाळी थोडा वेळ इथं आणून सोडलं तर? अण्णा हो म्हणायला गेले, थांबले, जरा विचार केला, आणि म्हणाले, "रोज नाही. बुधवारी आण." धाकटा बघतच राहिला. थोरल्यानं ट्रक सोडवायला निवासातली दहा-बारा म्हातारी माणसं कामाला लावली. प्रत्येक जण वेगळी दिशा सांगत होता, डावीकडं घे, उजवीकडं घे, आणि शेवटी अण्णांनीच चाक धरून तो एका दमात मागं काढला. व्हरांड्यातून पुन्हा टाळ्या.

निघताना थोरला खिडकीतून वाकून म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ ना अण्णा?"

"या. पण तिघं मिळून एका गाडीतून या. भांडायचं ते वाटेत भांडून घ्या."

तर झालं हे असं. आता उठायच्या आधी तुम्हाला एक काम सांगतो, तेवढं कराच. मागच्या ओळीतून जाल तेव्हा अण्णांच्या दाराशी थांबा, आणि काहीतरी मागा त्यांच्याकडं. छत्री मागा, घड्याळ मागा, उद्या फिरायला येता का विचारा, काहीही. फक्त 'याल ना', 'द्याल ना' असं म्हणू नका, सरळ विचारा. आणि ते नाही म्हणाले तर तोंड वाकडं करू नका हो. जरा खूश होऊन दाखवा. नवीन शिकलाय म्हातारा, सराव व्हायला हवा.